कृषी प्रदर्शनाला माणूस का यावा?

दिवाळी सरली, तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागच्या चौकात कृषी प्रदर्शनांचे फ्लेक्स लागतात. वरच्या ओळीत पुढारी, खालच्या ओळीत तारखा आणि मधल्या मोठ्या जागेत एक रेडा. रेडा दीड टनाचा असतो. कधी त्याच्या शेजारी पुंगनूरची बुटकी गाय असते. कुठलं नवं वाण, कुठलं अवजार तिथे बघायला मिळणार याची ओळ असलीच तर तळाशी, बारीक अक्षरात. फ्लेक्स लावणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक कळतं, त्यामुळे या मांडणीला नुसतं हसून पुढं जाता येत नाही. शेतकरी नव्या तंत्रासाठी घर सोडणार नाही, रेड्यासाठी मात्र सोडेल, असा त्यामागचा हिशेब आहे. हा हिशेब बरोबर आहे का, आणि बरोबर असेल तर या प्रदर्शनांचं पुढं काय होणार, हे तपासायला हवं. कारण मांडव घालणाऱ्यांचा, गाळे घेणाऱ्या कंपन्यांचा आणि येणाऱ्या माणसांचा, तिघांचाही पैसा आणि वेळ यात जातो.

थंडीच्या चार महिन्यांत राज्यभर या प्रदर्शनांची रांगच लागते. नोव्हेंबरच्या शेवटी, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या आगेमागे, कराडच्या बैलबाजार तळावर एक भरतं. नागपूरला नितीन गडकरींच्या पुढाकारानं २००९ पासून ‘ॲग्रोव्हिजन’ होतं. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला पाच दिवसांचं ‘किसान’. कोल्हापुरात ‘भीमा’, नाव आपल्याच भीमा नदीचं. सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराच्या नावाचं प्रदर्शन. जानेवारीत बारामतीचं ‘कृषिक’. जळगावला जैन हिल्सवर ठिबकवाल्यांचा महोत्सव. यात सरकारी ‘आत्मा’ यंत्रणेचे जिल्हा कृषी महोत्सव मिळवा, पशुसंवर्धन खात्यानं २०१९ मध्ये जालन्याला आणि २०२३ मध्ये शिर्डीला भरवलेली पशुधनाची मोठी प्रदर्शनं मिळवा, आणि प्रत्येक तालुक्यात एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला पडणारे मांडव मिळवा. वैरागच्या माणसानं मनावर घेतलं तर एका हिवाळ्यात तो यातली तीन-चार सहज पाहू शकतो. आणि पाहिली तर त्याच्या लक्षात येतं की तिसऱ्या प्रदर्शनात त्याला पहिल्याच प्रदर्शनातले गाळे पुन्हा भेटले आहेत. तेच ठिबकचे पाइप, तीच विद्राव्य खतांची पोती, ट्रॅक्टरचे तेच दोन-तीन रंग. फार तर मिक्सरवाला, गुडघेदुखीच्या तेलवाला आणि आकाशपाळणा यांची जागा बदललेली. शेतीचं प्रदर्शन बघायला गेलेला माणूस लिंबू पिळायचं यंत्र घेऊन घरी येतो, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. त्याला आता कुणी हसत नाही इतका तो खरा झालाय.

गर्दी नाही असं मात्र म्हणता येत नाही. होम मैदानावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. प्रश्न आहे तो गर्दीत कोण आहे हा. सोलापूर शहरातलं कुटुंब भेळ खायला आलं तरी ते ‘भेट दिलेल्या शेतकऱ्यांत’ धरलं जातं. समारोपाच्या बातमीत ‘लाखो शेतकऱ्यांनी लाभ घेतला’ हे वाक्य तयारच असतं. दारात मोजणारा कुणी बसवलेला नसतो. मोशीच्या प्रदर्शनाला तिकीट आहे आणि आगाऊ नोंदणीही, म्हणून तिथल्या आकड्याला निदान कागदाचा आधार आहे. बाकी ठिकाणी आकडा म्हणजे व्यासपीठावरचा उत्साह. गाळेवाल्यांना हे कळत नाही असं नाही. बारा हजारांच्या गर्दीत आपल्या गाळ्यावर थांबून पंपाची किंमत विचारणारे बाराच होते, हे त्यांच्या वहीत असतं, आणि पुढच्या वर्षी जागा घ्यायची की नाही हे ते त्या वहीवरून ठरवतात. आजचं प्रदर्शन भरलेलं दिसतं आणि तरी आतून पोकळ होत जातं, ते असं.

या पोकळीचं खापर मोबाइलवर फोडायची पद्धत आहे. यूट्यूबवर सगळं दिसतं, मग माणूस कशाला येईल? यात तथ्य आहे, पण अर्धंच. माहिती देणं हे प्रदर्शनाचं काम होतं तेव्हा माहिती दुर्मीळ होती. आता द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, डाळिंबाचा बहार, खोडव्याचं व्यवस्थापन, कशाचाही व्हिडिओ बांधावर बसून बघता येतो. पानी फाउंडेशनच्या डिजिटल शेतीशाळांत विद्यापीठांचे शास्त्रज्ञ थेट बोलतात आणि गावोगावचे गट त्यांना प्रश्न विचारतात. तेव्हा माहितीपत्रक हातात देणारा गाळा मेलाच. पण व्हिडिओत एक गोष्ट येत नाही. रोटाव्हेटर आमच्या काळ्या रानात, वाफसा जरा कमी असताना, पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला किती ओढतो; फवारणीचा ब्लोअर आठ फुटी ओळीत वळतो का; कडबाकुट्टीत मालदांडीचा जाड ताटा गेला की ती कशी घरघरते; सुटा भाग तुटला तर बार्शीत मिळतो की पुण्याहून मागवायचा. विकत घेणाऱ्याला हे हवं असतं. मांडवात अवजार लाल गालिच्यावर उभं असतं, रंग ताजा, टायर पुसलेले. म्हणजे व्हिडिओत जे दिसत नाही ते मांडवातही दिसत नाही. मग माणसानं दोनशे रुपयांचं पेट्रोल का जाळावं?

ही अडचण केवळ आपली नाही. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनं १८३९ मध्ये ऑक्सफर्डला सुरू केलेला ‘रॉयल शो’ म्हणजे जगातल्या जुन्या, नावाजलेल्या कृषी प्रदर्शनांपैकी एक. आधी तो दरवर्षी गाव बदलून भरायचा. १९६३ पासून स्टोनलीला कायमची जागा मिळाली. पुढं तोटा, ओसरत गेलेली माणसं, २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे पडलेला खंड, आणि अखेर २००९ मध्ये तो बंदच झाला. शेवटच्या काळात त्यात शेतीपेक्षा सहलच जास्त झाली, अशी तक्रार शेतकरीच करत होते. ती तक्रार होम मैदानावर ऐकू येणाऱ्या तक्रारीपेक्षा वेगळी नाही.

वैरागपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण होड्यांच्या प्रदर्शनांची गोष्टही इथं उपयोगी पडते. लंडनचं बोट प्रदर्शन १९५० च्या दशकाच्या मध्याला सुरू झालं, पिढ्यान्‌पिढ्या गाजलं, आणि २०१८ नंतर बंद पडलं. मुख्यतः सभागृहात, जानेवारीच्या थंडीत, गालिच्यावर उभ्या केलेल्या होड्या. त्याच देशात साउदॅम्प्टनचं प्रदर्शन १९६९ पासून चालू आहे. तिथे होड्या पाण्यात तरंगत असतात आणि गिऱ्हाइकाला त्यांत पाय ठेवता येतो. इथवर आलं की ‘सभागृह मेलं, पाणी जगलं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण जर्मनीतलं डसेलडॉर्फ आडवं येतं. समुद्रापासून लांब, ऱ्हाइन नदीकाठचं शहर, भर थंडीत बंदिस्त दालनांमध्ये भरणारं प्रदर्शन, आणि तरी ते जगातल्या सर्वांत मोठ्या बोट प्रदर्शनांत गणलं जातं. त्यांनी केलं काय, तर दालनातच पाणी आणलं: पाणबुड्यांसाठी हौद, लाटेवर उभं राहायला शिकण्यासाठी कृत्रिम लाट. आलेला माणूस भिजून जातो. छत आहे की आकाश यानं फारसा फरक पडत नाही. वस्तू तिच्या कामाला लागलेली दिसते का आणि तिला हात लावता येतो का, यानं पडतो.

शेतीत याचं मोठं उदाहरणही जर्मनीतच आहे. हॅनोवरला दर दोन वर्षांनी ‘ॲग्रिटेक्निका’ भरतं. चार लाखांहून जास्त माणसं येतात. ते भरवणारी डीएलजी ही १८८५ साली स्थापन झालेली शेती क्षेत्राची सभासद-संस्था आहे, आणि तिचं दुसरं काम आहे यंत्रांची चाचणी घेण्याचं. म्हणजे जी संस्था कंपनीला गाळा देते तीच तिच्या यंत्राला गुणही देते. शिवाय हीच संस्था उभ्या पिकात ‘शेतदिन’ भरवते. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि अवजारांच्या सरकारी चाचण्या मध्य प्रदेशात बुदनीला, हरियाणात हिसारला होतात. त्यांचे अहवाल इंग्रजीत निघतात आणि आमच्याकडच्या कुठल्याही मांडवात मला ते कधी टांगलेले दिसले नाहीत. गाळ्यावरचा पोरगा सांगेल तेवढंच सत्य.

आणि आयर्लंड. १९३१ मध्ये दोन परगण्यांतल्या माणसांनी कुणाचा नांगर सरळ जातो यावर पैज लावली. तिथून त्यांची राष्ट्रीय नांगरट स्पर्धा सुरू झाली. आज ती तीन दिवसांत दोन लाखांवर माणसं खेचते. अवजारं, जनावरं, बियाणं, कपडे, राजकारण सगळं तिच्याभोवती जमलं, पण मध्ये अजून नांगरटच आहे. पंच तास मोजतात आणि बघे बांधावर उभे राहून वाद घालतात.

हे वाचताना मला राहून राहून जोतीराव फुले आठवतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला. त्यातल्या उपायांत फुल्यांनी सरकारला सुचवलं आहे की दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवा, आश्विनात उभ्या पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्या, उत्तम ठरतील त्यांना बक्षिसं द्या आणि काही वर्षांच्या कामगिरीवरून पदव्याही द्या. आयरिश पैज लागायच्या जवळजवळ अर्धशतक आधी पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलानं ही मांडणी केली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलं. प्रदर्शनाचं त्यांचं वेळापत्रक मात्र कुणी नीट वाचलेलं दिसत नाही. श्रावण आणि आश्विन हे महिने त्यांनी उगाच निवडले नव्हते. श्रावणात खरिपाचं पीक अंगावर असतं, कुणाच्या रानात काय चुकलंय ते दिसतं आणि दुरुस्त करायला वेळ असतो. आश्विनात पीक पदरात येतं, रब्बीची मशागत तोंडावर असते, तेव्हा औताची परीक्षा खऱ्या कामातच होते. आपली प्रदर्शनं भरतात मार्गशीर्ष-पौषात. का? हवा चांगली असते, पाऊस नसतो, मांडव उडत नाही. मांडववाल्याच्या सोयीचा महिना आहे तो.

आता वैराग भागातल्या शेतकऱ्याचं डिसेंबर-जानेवारीचं रान बघा. तूर काढणीला आलेली. द्राक्षवाल्याचे मणी फुगवणीवर, एक फवारणी चुकली तर वर्ष गेलं. ऊसवाला तोडणीच्या टोळीची वाट बघत बसलेला. टोळी आज येते की पुढच्या आठवड्यात, हे त्यालाच ठाऊक नसतं, मग तो गाव सोडणार कसा? ज्वारीवाला थोडा मोकळा, पण त्यालाही पाखरं राखायची असतात. सोयाबीनचा पैसा दिवाळीत आला आणि बी-भरणं, शाळेची फी, सोसायटी यांत गेला. म्हणजे ज्या दिवसांत आपण त्याला यंत्र बघायला बोलावतो त्या दिवसांत त्याला ना वेळ असतो ना त्याच्या हातात पैसा. तो आलाच तर रविवारी, पोराबाळांना घेऊन, रेडा बघायला येतो. फ्लेक्सवाल्याचा हिशेब बरोबर ठरतो, पण तो बरोबर ठरण्याची सोय आपणच करून ठेवली आहे.

रेड्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. जनावर बघायला माणूस जमतो ही गोष्ट प्रदर्शनांहून फार जुनी आहे. सोलापूरची गड्ड्याची जत्रा, पंढरपूरचा कार्तिकीचा बाजार, खिल्लारांच्या दावणी: हीच आपली मूळ प्रदर्शनं. फरक एवढाच की जत्रेतलं खोंड विकत घेता यायचं. दात बघा, शेपूट ओढा, चार पावलं चालवून बघा, मग रुमालाखाली बोटं धरून भाव करा. दीड टनाचा रेडा असा घेता येत नाही. त्याची रेतनमात्रा कुठे मिळते, त्याच्या मुली किती दूध देतात, हे सांगणारा कुणी त्याच्या शेजारी उभा नसतो. असते ती सेल्फीची रांग. जनावरांच्या बाजारांना २०२२ च्या लम्पीत कुलूप लागलं तेव्हा खिल्लारवाल्यांचं जे नुकसान झालं, ते रेड्यांच्या दौऱ्यांनी भरून आलं नाही. उलट बैलगाडा शर्यतींचं बघा. २०१४ मध्ये न्यायालयानं त्या थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परत परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. शर्यत सुरू होताच खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला, वैदू-पशुवैद्य, खुराकवाले, नालबंद सगळ्यांना काम आलं. साताऱ्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजारही आहे आणि शर्यतही. तिथे गर्दीसाठी नटीला बोलवावं लागत नाही. चुरस असली की माणूस आपणहून येतो, आणि येताना आपलं जनावर घेऊन येतो. अशा माणसाला प्रेक्षक म्हणायचं तरी कसं? प्रदर्शनच तो आहे.

चुरशीखेरीज आणखी एक गोष्ट माणसाला घराबाहेर काढते: जी वस्तू दुसरीकडे मिळत नाही ती तिथे मिळणं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे दोन मेळावे याचा पुरावा आहेत. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापनदिन, त्या दिवशी खरिपाचा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिदिन, त्या दिवशी रब्बीचा. मेच्या उन्हात, परभणीसारख्या ठिकाणी, शेतकरी सकाळपासून रांगेत उभा राहतो, कारण विद्यापीठाचं सोयाबीनचं आणि तुरीचं बियाणं त्या दिवशी हाताशी येतं. बीडीएन ७११ किंवा ‘गोदावरी’ या तुरीच्या वाणांची नावं आपल्या बार्शी तालुक्यातल्या पोरांनाही पाठ आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाची शिवारफेरीही तशीच. पीक उभं असताना, ओळीनं लावलेल्या वाणांच्या मधून माणसं चालत जातात, वाकून शेंगा मोजतात. बारामतीच्या ‘कृषिक’नं हेच मोठ्या पैशावर केलं. तिथे प्लॉट आधी लावतात, महिनेच्या महिने जपतात, आणि प्रदर्शन त्या प्लॉटभोवती भरवतात. उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा त्यांचा प्रयोग जगभर चर्चिला गेला, पण तिथे बांधावर उभा राहणारा माणूस आधी उसाची कांडी बघतो, जाडी चाचपतो, आणि मग तो संगणक काय म्हणतो ते विचारतो. क्रम महत्त्वाचा आहे.

इतक्या लांब कशाला, आपल्या रस्त्यावरच नान्नज आहे. माळढोकामुळे ते नाव देशाला माहीत, पण द्राक्षवाल्यांना ते नानासाहेब काळे यांच्यामुळे माहीत आहे. सोनाका, शरद सीडलेस ही वाणं एका शेतकऱ्यानं आपल्या बागेत वेलीवर नजर ठेवून निवडली. वेलीवरचा वेगळा घड बघून, त्याची काडी घेऊन, कलम बांधून हे काम होतं. द्राक्ष बागायतदारांनी १९६० पासून आपला संघ चालवला, त्याची अधिवेशनं भरतात, आणि त्यांतला खरा अभ्यास एकमेकांच्या बागांत जाऊन होतो. या मंडळींना मांडव घालून कुणी ‘जागृती’ करायला लागली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट याच्या उलट बाजूनं तेच सांगते. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडानं जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे तो विकायला त्यांना दोन वर्षं झगडावं लागलं. शंका जाते ती शेजाऱ्याच्या रानात नांगर चाललेला बघून. भाषणानं ती जात नाही, आणि सव्वाशे वर्षांनी फवारणीच्या ड्रोनबद्दलही जाणार नाही.

मग माणसं वाढवायची कशी? मला वाटतं, आधी एकाच प्रदर्शनाला लाख माणूस हवा हा हट्ट सोडावा. जिल्ह्याच्या गावी एक प्रचंड मांडव घालण्यापेक्षा वैराग, मोडनिंब, अकलूज, मंगळवेढा अशा बाजारगावी, त्या-त्या भागाच्या पिकावर, दोन-दोन दिवसांची छोटी प्रदर्शनं जास्त कामाची. मंगळवेढ्यात ज्वारी, सांगोल्यात डाळिंब, वैराग-नान्नज पट्ट्यात तूर, सोयाबीन आणि द्राक्ष. गाळेवाल्याला गर्दी कमी मिळेल, पण किंमत विचारणारा माणूस हजारात एक नाही, तिघांत एक मिळेल. बाजारच्या दिवसाला जोडून ठेवलं तर येण्याजाण्याचा वेगळा खर्च नाही. माणूस आधीच गावात आलेला असतो.

वेळ बदलावी. वर्षातून एकदा मेमध्ये, पेरणीच्या निर्णयाआधी. ऊन आहे, मान्य. सकाळी सहा ते दहा ठेवा, परभणीला माणसं येतातच की. दुसऱ्यांदा फुल्यांच्या आश्विनात, सोयाबीन निघताना. त्या वेळी हातात पैसा असतो, दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर यंत्र घ्यायची आपल्याकडे रीतही आहे.

आणि यंत्र मातीत उतरलं पाहिजे. पाच एकर रान भाड्यानं घ्या, निम्मं काळं, निम्मं मुरमाड. सहा कंपन्यांची रुंद सरी-वरंब्याची पेरणीयंत्रं शेजारी-शेजारी चालवा. डिझेल किती गेलं, बी किती खोल पडलं, एकराला वेळ किती लागला, हे फळ्यावर लिहा. कृषी अभियांत्रिकीची पोरं हे मोजमाप आनंदानं करतील. कंपन्यांना हे आवडणार नाही. जिला आवडणार नाही तिची जागा रिकामी ठेवून तिथे तिच्या नावाची पाटी लावा, बघा पुढच्या वर्षी येते की नाही.

अनुदानाचा गुंता प्रदर्शनात सुटला तर नुसत्या त्या कारणानं माणसं येतील. महाडीबीटीवर आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी असा क्रम आहे. आधी घेऊन टाकलं की अनुदान गेलं. हे न कळल्यानं मांडवात ‘आजच बुकिंग करा, सूट मिळवा’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलेले लोक नंतर कृषी खात्याच्या दारात बसतात. ज्या प्रदर्शनात अर्ज भरून मिळतो, सातबारा निघतो, सौर पंपाच्या अर्जाचं कुठे अडलंय ते एक माणूस संगणकावर बघून सांगतो, तिथे भाषणाला कुणी नसलं तरी त्या टेबलापुढे रांग असेल.

बायकांचा विचार तर प्रदर्शन भरवणारे अजून करतच नाहीत. त्यांच्यासाठी बचतगटाचे पापड आणि पाककृती स्पर्धा, एवढ्यावर विषय संपतो. शेतात खुरपणं, वेचणी, निवडणं, राखण हे सगळं जिच्या अंगावर आहे तिला विचारून एखादं कोळपं, एखादं हातातलं टोकण यंत्र कुणी मांडलंय का? ती तिथे धरून बघेल, मूठ जड आहे म्हणेल, परत ठेवेल. तेवढं ऐकायला तरी कंपनीचा माणूस तिथे हवा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. शेळ्यांची, परसातल्या कोंबड्यांची, भाजीच्या रोपांची विक्री ठेवली तर वैरागच्या स्टँडवर उतरणाऱ्यांत निम्म्या त्याच असतील.

शहरातल्या माणसाला मात्र हाकलू नये. त्याच्यासाठी वेगळी गोष्ट करावी, वेगळ्या दिवशी. पुण्यातल्या ‘भीमथडी’नं हे दाखवून दिलं आहे की शहरी गर्दी खायला आणि विकत घ्यायला येते आणि तिच्यात काही वाईट नाही. जानेवारीत बार्शी-वैरागच्या रानात हुरडा असतो. सोलापूरकरांना त्यासाठी बोलवा, गूळ-दही-शेंगाचटणीसकट पैसे घ्या. फक्त त्या गर्दीला कृषी प्रदर्शन म्हणून मोजू नका.

मोजणीबद्दल शेवटचं. गाळ्यांच्या पावत्या आणि दारातली डोकी मोजण्याऐवजी सहा महिन्यांनी दोनशे माणसांना फोन करावा: काय बघितलं होतं, काय घेतलं, चाललं का? हा खर्च मांडवाच्या एका कमानीपेक्षा कमी आहे. त्या फोनांतून जी यादी निघेल तीच पुढच्या वर्षाच्या प्रदर्शनाची आखणी.

पैसा कोण देणार, हा प्रश्न येईलच. त्याचं निम्मं उत्तर आधीच रानात उभं आहे. आपल्या जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक खेडला, एक मोहोळला. सोलापूरला १९३३ पासूनची कोरडवाहू शेती संशोधनाची परंपरा आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे. विज्ञान केंद्रं दर हंगामात शेतकऱ्यांच्याच रानात आद्यरेषा प्रात्यक्षिकं घेतात. बियाणं केंद्राचं, रान शेतकऱ्याचं, शेजारी जुन्या पद्धतीचा तुकडा तुलनेसाठी. म्हणजे आश्विनातल्या प्रदर्शनाला लागणारे प्लॉट गावोगावी तयार असतात, त्यांच्यावर सरकारी खर्चही झालेला असतो. काढणीच्या आधी एक शेतदिन होतो, गावातली तीस-चाळीस माणसं फोटोला उभी राहतात, आणि बांधावरची पाटी पुढच्या पावसापर्यंत तशीच असते. बार्शी बाजार समितीचा उपबाजार वैरागला आहेच. आवारात कार्यालयं, वजनकाटे, पाणी, सावली सगळं आहे. सोयाबीनची आवक जोर धरायच्या आधीचे दोन दिवस ठरवायचे, आवारातून दर तासाला एक गाडी त्या प्लॉटांवर सोडायची, आणि प्रत्येक बांधावर तो शेतकरी स्वतः उभा करायचा. रान त्याचं आहे, तेव्हा खत किती घातलं आणि उतारा किती पडला हे लोक त्यालाच खोदून खोदून विचारतील.